लसीत चूक झाली असं वाटलं तर: बाळाच्या आईबाबांनी काय बघायचं, काय करायचं

लस टोचून झाली की सिस्टरनी आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कोणती लस दिली, तिचा काय त्रास होऊ शकतो, पुढच्या वेळी कधी यायचं आणि कार्ड जपून ठेवून सोबत आणायचं. अंगणवाडीत बायकांची रांग लागलेली असते, बाळं एका सुरात रडत असतात, आणि यातली दुसरी गोष्ट नेमकी राहून जाते. मग रात्री ताप चढला की घरात कुजबुज सुरू होते, 'चुकीचं इंजेक्शन दिलं वाटतं'. बहुतेक वेळा चूक झालेली नसते. कधीकधी खरोखर झालेली असते. हा फरक घरच्या माणसांना ओळखता येतो आणि यायलाच हवा, कारण वेळेत सांगितलेली चूक बहुधा सावरता येते.

टोचण्याआधीची दोन मिनिटं

सगळ्यांत सोपी तपासणी म्हणजे सुया मोजणं. सरकारी वेळापत्रकात दीड महिन्याला तीन सुया असतात: पाच आजारांची एकत्रित पेंटा डाव्या मांडीत, न्यूमोनियाची पीसीव्ही उजव्या मांडीत आणि पोलिओची आयपीव्ही उजव्या दंडावर, कातडीच्या आत. शिवाय पोलिओ आणि जुलाबाची रोटा तोंडाने. अडीच महिन्याला सुई एकच, पेंटाची. साडेतीन महिन्याला पुन्हा तीन. नऊ महिने पूर्ण झाल्यावर तीन: गोवर-रुबेलाची एमआर उजव्या दंडात, पीसीव्हीचा बूस्टर आणि आयपीव्हीचा तिसरा डोस डाव्या दंडावर. त्याच दिवशी 'अ' जीवनसत्त्वाचं १ मिली औषध तोंडाने. जपानी मेंदूज्वराची लस जिथे देतात त्या जिल्ह्यांत नऊ महिन्यांना एक सुई जास्त. खासगी दवाखान्यात सहा आजारांची एकत्रित लस वापरत असतील तर हिशेब बदलतो. तिथे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या.

मोजणी जुळली नाही तर तिथल्या तिथे विचारा. 'सिस्टर, आज तीन आहेत ना?' एवढा प्रश्न पुरतो. त्यात कुणावर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही.

जागाही बघा. बाळाला कमरेत, म्हणजे कुल्ल्यावर लस देत नाहीत. तिथून पायाची मोठी नस जाते आणि सुई तिला लागली तर पाऊल लुळं पडू शकतं. शिवाय कावीळ-ब ची लस चरबीत गेली तर नीट लागू पडत नाही. कुणी कमरेत टोचायला निघालं तर हात धरून 'मांडीत द्या' असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता बाटलीकडे या. लेबलवर किंवा झाकणावर एक छोटं जांभळट वर्तुळ असतं आणि त्याच्या आत एक चौकोन. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस वापरायला हरकत नाही. चौकोन वर्तुळाच्याच रंगाचा झाला असेल किंवा त्याहून गडद, तर त्या बाटलीला जास्त उष्णता लागली आहे आणि ती बाद. ही खूण फक्त उष्णतेची असते. लस गोठून खराब झाली असेल तर चौकोन काहीच सांगत नाही, आणि पेंटा, पीसीव्ही, आयपीव्ही, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) या लसी गोठल्या की निकामी होतात. म्हणून २ ते ८ अंश सेल्सिअस ही शीतसाखळीची, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याची, मर्यादा दोन्ही बाजूंनी पाळावी लागते. लसीच्या डब्यात फ्रीझरमधले आइसपॅक थेट भरायचे नसतात. ते बाहेर ठेवून घाम सुटल्यावर, हलवले की आत पाण्याचा आवाज आल्यावरच भरायचे असतात.

क्षयरोगाची बीसीजी आणि एमआर या पावडरच्या लसी आहेत. त्या द्रावणात कालवल्या की ४ तासांत संपवायच्या, उरल्या तर फेकायच्या. यात तडजोड नाही. कालवलेल्या लसीत जंतू मारणारं रसायन नसतं, त्यामुळे वेळ गेला की त्यात जंतू वाढतात. म्हणून कालवल्याची वेळ बाटलीवर लिहिलेली असली पाहिजे. दुपारी दोन वाजता तुमचा नंबर लागला आणि बाटलीवर सकाळचे साडेनऊ लिहिलेत, तर नवी बाटली उघडायला सांगा. वेळ लिहिलेलीच नसेल तरीही नवी मागा. पोलिओ, पेंटा, पीसीव्ही, आयपीव्ही, डीपीटी यांची उघडलेली बाटली मात्र नीट थंड ठेवली आणि बाकी अटी पाळल्या तर २८ दिवसांपर्यंत चालते. 'अर्धी बाटली दिली' म्हणून घाबरू नका.

सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली असावी. सरकारी सत्रात ती एकदा वापरली की दट्ट्या अडकतो, पुन्हा भरताच येत नाही.

थेंबांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओ मोहिमेत १२ मुलांना लसीऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलांना उलट्या झाल्या, दवाखान्यात दाखल करावं लागलं. मुलं बचावली. पोलिओची लस गुलाबी ते पिवळसर दिसते, तिच्या काचेच्या छोट्या बाटलीला वेगळा ड्रॉपर लावतात आणि ती थंड डब्यातून बाहेर येते. टेबलावर उघड्यावर ठेवलेल्या कुठल्याही बाटलीतून थेंब देत असतील तर थांबवा आणि लेबल वाचा. सॅनिटायझर गेलंच तर बोटं घालून उलटी करवू नका. त्यातल्या अल्कोहोलने लहान मुलाची साखर झपाट्याने उतरू शकते, म्हणून बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

तुमच्याकडूनही माहिती जायला हवी: मागच्या डोसनंतर आकडी आली होती का, अंगावर गांधी उठल्या होत्या का, बाळाला काही मोठा आजार आहे का, मधल्या काळात दुसरीकडे लस दिली का. साधी सर्दी, थोडा खोकला, हलका जुलाब यासाठी लस पुढे ढकलायची नाही. 'बरा झाला की आणा' म्हणून परत पाठवलेली बाळं महिनोन्‌महिने येत नाहीत, आणि लसीकरणातली सगळ्यांत जास्त घडणारी चूक हीच असावी.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. ऊन आहे, रिक्षा थांबली आहे, तरीही थांबा. लसीची तीव्र ॲलर्जी फार क्वचित येते, पण आली तर बहुधा याच अर्ध्या तासात येते आणि तिच्यावरचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन सिस्टरच्या पेटीत असतं, तुमच्या घरी नसतं.

घरी आल्यावर: काय चालतं, काय चालत नाही

पेंटा किंवा डीपीटीनंतर त्याच दिवशी ताप, मांडीला सूज, लाली, किरकिर हे एक-दोन दिवस होतं. मांडीत छोटी कडक गाठ आठवडे राहू शकते. ती दुखत नसेल, वाढत नसेल तर तिला हात लावू नका. चोळायचं नाही, शेकायचं नाही, बटाट्याचा काप बांधायचा नाही, हळद-चुना तर मुळीच नाही. थंड पाण्यात पिळलेला स्वच्छ फडका ठेवला तर बाळाला बरं वाटतं.

बीसीजीची गोष्ट वेगळी. टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तिथे लाल पुळी येते, ती पिकल्यासारखी होते, फुटते, खपली धरते, आणि दोन-तीन महिन्यांत छोटा व्रण राहतो. हे लस लागू पडल्याचं लक्षण आहे. त्यावर पावडर, मलम, तूप काही लावू नका. व्रण उमटला नाही तरी लस पुन्हा देत नाहीत. डाव्या काखेत मात्र अवधाण (सुजलेली गाठ) आलं, ते दीड सेंटिमीटरपेक्षा मोठं झालं किंवा मऊ पडून पिकायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. लस जास्त खोल गेली किंवा जास्त प्रमाणात गेली की असं व्हायचा संभव वाढतो. महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली आणि त्यानंतर ०.१ मिली हे तिचं माप आहे.

एमआरनंतर ताप लगेच येत नाही. साधारण आठवड्या-दीड आठवड्याने येतो, कधी अंगावर बारीक पुरळही येतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. टोचल्याच्या काही तासांतच जोराचा ताप, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर तो 'एमआरचा ताप' समजू नका. दूषित झालेल्या लसीचं हे लक्षण असू शकतं, आणि बाळ काही तासांत हाताबाहेर जातं. ताबडतोब १०८ ला फोन करा, आणि त्याच सत्रात लस घेतलेल्या शेजारच्या घरांनाही विचारा. दोन मुलांना तोच त्रास असेल तर आशाताईंना त्या क्षणी कळवा, म्हणजे बाकीच्या मुलांना वेळेत गाठता येईल.

पॅरासिटामॉलचं माप

लसीनंतरच्या तापात लसीपेक्षा मोठी चूक इथे होते, म्हणून जरा थांबून वाचा. डोस वयावर नसतो, वजनावर असतो: एका किलोला १५ मिलीग्राम, दोन डोसांत किमान ६ तासांचं अंतर, २४ तासांत ४ पेक्षा जास्त नाही. ५ किलोच्या बाळाला एका वेळी ७५ मिलीग्राम.

आता बाटल्या बघा. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीमध्ये १०० मिलीग्राम असतात. सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा ५ मिलीत २५०. म्हणजे त्याच बाळाला थेंबांतून पाऊण मिली, १२५ च्या सिरपमधून ३ मिली आणि २५० च्या सिरपमधून दीड मिली. मागच्या वेळी सिरप ३ मिली दिलं होतं म्हणून या वेळी थेंबांच्या बाटलीतून ३ मिली दिलं, तर ३०० मिलीग्राम जातात, हव्या त्याच्या चौपट. यकृताला इजा करणारं प्रमाण असंच गाठलं जातं. दिसायला दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्ही गुलाबी, गोड. म्हणून बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरांत 'थेंब' किंवा 'सिरप' लिहा, आणि माप सोबतच्या ड्रॉपरने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने घ्या. घरातल्या चमच्याला माप नसतं. दीड महिन्याच्या बाळासाठी मिलीचा आकडा सिस्टरकडून वजन सांगून कार्डवरच लिहून घ्या. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका.

वाट बघायची नाही अशी लक्षणं: अंगावर गांधी, ओठ किंवा डोळे सुजणं, श्वासात शिट्टी किंवा घरघर, बाळ निपचित, पांढरं पडणं, हाक मारली तरी प्रतिसाद नसणं, आकडी, तीन तास न थांबता किंचाळत रडणं, दूध सोडणं, सुईच्या जागेची लाली दोन दिवसांनंतरही पसरत जाणं किंवा पू दिसणं. दोन दिवस उलटूनही ताप असेल तर कारण दुसरं काही असू शकतं, ते शोधायला हवं.

चूक खरोखर झाली असेल तर

डोस ठरल्यापेक्षा उशिरा झाला: ही चूक नाहीच म्हणा. पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, राहिलं तिथून पुढे चालू. बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या घरांतली बाळं कार्ड अर्धवट राहिलं म्हणून केंद्रावर यायला कचरतात. कचरू नका, कारखान्याच्या तळाजवळच्या केंद्रावरही तोच डोस मिळतो.

डोस फार लवकर झाला: पेंटाच्या दोन डोसांत किमान ४ आठवडे हवेत. चार दिवसांपर्यंतचा फरक बालरोगतज्ज्ञ सहसा धरतात. त्याहून आधी दिला तर तो मोजायचा नाही आणि त्या तारखेपासून ४ आठवड्यांनी पुन्हा द्यायचा. नऊ महिन्यांच्या आधी दिलेली गोवराची लसही हिशेबात धरत नाहीत, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती त्या लसीला मारून टाकते.

एकच लस दोनदा गेली: आजीने अंगणवाडीत दिली, बाबांनी खासगी दवाखान्यात. सहसा सूज आणि ताप थोडा जास्त, एवढंच. डॉक्टरांना कळवून दोन्ही तारखा कार्डवर लिहून घ्या.

मुदत संपलेली लस किंवा नुसतं द्रावण टोचलं गेलं: डोस धरायचा नाही. पेंटा-पीसीव्हीसारखी लस असेल तर लगेच पुन्हा देता येते. मुदत संपलेली एमआर असेल तर २८ दिवस थांबून.

रोटा टोचली गेली: तोंडाची लस सुईने देण्याची ही चूक जगभर नोंदलेली आहे. बाळावर लक्ष ठेवायचं आणि तोंडाचा डोस लवकरात लवकर द्यायचा. पोलिओचे थेंब बाळाने लगेच थुंकले तर तिथेच पुन्हा द्यायचे.

'अ' जीवनसत्त्व दुप्पट गेलं: नऊ महिन्याला १ मिली, त्यापुढे दर सहा महिन्यांनी २ मिली. जास्त गेलं तर उलट्या, चिडचिड होते, टाळू फुगल्यासारखी दिसते. हे बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं, पण डॉक्टरांनी बाळ बघितलं पाहिजे.

सगळ्यांत घातक चूक द्रावणाची. पावडरसोबत त्याच कंपनीचं द्रावण येतं; दुसरी कुठलीही कुपी चालत नाही. जुलै २०१८ मध्ये सामोआ या पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशात एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीत पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं भुलीचं औषध कालवलं गेलं आणि दोन बाळं गेली. लोकांचा लसीवरचा विश्वास उडाला, लसीकरण कोसळलं, आणि २०१९ च्या गोवराच्या साथीत ८३ जण दगावले, त्यांतली बहुतेक लहान मुलं. चूक झाल्यावर ती काय होती, कुणामुळे होती, हे लोकांना स्पष्ट कळणं इतकं मोलाचं असतं.

नोंद कशी करायची

प्रथम फोटो घ्या: कार्डचं पान, सुईची जागा, शक्य असेल तर बाटलीचं लेबल, त्यावरचा बॅच नंबर आणि मुदत दिसेल असं. मग वही काढून वेळा लिहा: लस किती वाजता, त्रास किती वाजता सुरू, काय औषध दिलं, किती मिली. बाटली तुमच्याकडे मागू नका. ती थंड डब्यातच जपून ठेवायला सांगा, तपासणीत तिचा उपयोग होतो.

नंतर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, शहरात महापालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवा. 'एईएफआय नोंदवायची आहे' असे शब्द वापरा. लसीनंतर घडलेल्या प्रतिकूल घटनेला तेच नाव आहे. मृत्यू, दवाखान्यात दाखल होणं, एकाच सत्रातल्या अनेक मुलांना त्रास होणं अशा गंभीर घटनांचा अहवाल २४ तासांत जिल्ह्याला जायचा असतो. लस खासगी दवाखान्यात घेतली असली तरी ही नोंद होते. औषध-लसींच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांकही आहे. सिस्टरशी भांडण करून, व्हिडिओ पसरवून नोंद होत नाही. उलट पुढच्या वेळी चूक लपवली जाते.

खूण लसीची नसेल तेव्हा

लसीसाठी कपडे काढले की बाळाचं सगळं अंग उजेडात दिसतं. कधी तिथेच अशी खूण दिसते जिचा लसीशी संबंध नसतो. कमरेवर, पाठीवर निळसर-राखाडी डाग जन्मापासून असतील तर ते आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतात. ते दुखत नाहीत, आठवड्यात बदलत नाहीत. मार लागलेला वळ रंग बदलतो आणि जातो. पण रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे ठरवता येत नाही.

चार महिन्यांखालचं बाळ स्वतःहून आपटत नाही. त्याच्या अंगावर कुठेही काळंनिळं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. चालत्या-पळत्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर खरचटलेलं असतंच; कान, मान, गाल, पोट, पाठ इथले वळ, पट्ट्याचा किंवा दोरीचा आकार, विडी-सिगारेटएवढे गोल चटके, वरच्या ओठाच्या आतली पट्टी फाटलेली, पाय हलवला की किंचाळणं, आणि या सगळ्याची रोज बदलणारी हकिकत, हे वेगळं आहे. मेळघाटात पोट फुगलं म्हणून तान्ह्याच्या पोटावर गरम विळ्याने डागण्याची 'डंबा' प्रथा आहे. मायेपोटी केलेलं असलं तरी ती भाजल्याची जखमच आहे, आणि पोट का फुगलं हे शोधायचं राहूनच जातं.

आजारानेही असे डाग येतात. एमआरनंतर दोन ते पाच आठवड्यांत, फार क्वचित, रक्तातल्या प्लेटलेट घटून अंगभर बारीक जांभळे ठिपके येतात. जन्मल्यावर 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन न मिळालेल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत रक्तस्राव होऊ शकतो, आणि दीड महिन्याची सुई टोचल्यावर पाच मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही हा त्याचा पहिला इशारा असू शकतो. म्हणून तपासणी आधी, आरोप नंतर.

मूल बोलतं असेल तर एकदाच विचारा, 'हे कसं झालं?' उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. पुन्हा पुन्हा खोदू नका, संशयित माणसासमोर तर विचारूच नका. खुणेशेजारी नाणं ठेवून फोटो काढा, पण व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. मुलाची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर आंघोळ घालायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, ते कागदी पिशवीत ठेवायचे. अशा मुलावर कोणत्याही दवाखान्याने, सरकारी असो की खासगी, लगेच आणि मोफत उपचार करायचे असतात. 'आधी एफआयआर आणा' म्हणता येत नाही. शंका आली तरी कळवणं मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे प्रत्येकाला बंधनकारक आहे, त्यात डॉक्टर, शिक्षक, शेजारी सगळे आले. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२. फोन करताना मुलाचं वय, आत्ता ते कुठे आहे आणि त्या घरात आज रात्री त्याच्याजवळ कोण असणार आहे, या तीन गोष्टी आधी सांगा.